शाळेची भेट सहकारी किराणा भांडाराला: मुलांनी नुसतं बघायचं, की काही करायचं?

चाफा_शिक्षिका
सहावीच्या दोन तुकड्या आहेत, प्रत्येकीत ३९ मुलं. त्यांना कोल्हापुरातल्या अशा एका सहकारी किराणा भांडारात न्यायचं आहे, जिथे अंध, कर्णबधिर, चाकाच्या खुर्चीवरचे, बौद्धिक अक्षमता असलेले आणि बाकीचे सगळे एकाच पाळीत काम करतात. ही माणसं तिथली सभासदही आहेत. शाळेकडून आखलेला कार्यक्रम असा: रांगेत आत जायचं, व्यवस्थापकांचं भाषण, दुकानातून एक फेरी, शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मुलांना बिस्किटाचा पुडा आणि परत. एकूण दीड तास.

मला यातलं काहीच पटत नाही. मुलं परत येऊन निबंधात 'बिचारे' लिहिणार असतील तर भेट फसली असं मी धरते. त्याच दीड तासात मुलांच्या हातून काय करून घेता येईल? आणि तिथे काम करणाऱ्यांना 'प्रेक्षणीय स्थळ' व्हावं लागू नये यासाठी काय टाळायचं? नेमकं सांगा. भाषणाचे मुद्दे नकोत.

भुसारवाला
पहिली गोष्ट, ७८ मुलं एका दिवशी नेऊ नका. किराणा दुकानातल्या दोन कपाटांमधली वाट फार तर चार फुटांची असते. चाकाच्या खुर्चीला एकटीलाच ९० सेंटिमीटर लागतात आणि वळायचं तर दीड मीटरचा मोकळा गोल. त्या वाटेत पाठीवर दप्तर घेतलेली दहा मुलं उभी राहिली की माल लावणाऱ्याचं काम थांबतं आणि नेहमीचं गिऱ्हाईक दारातूनच परत जातं. दोन तुकड्या, दोन दिवस. दप्तरं बसमध्येच ठेवायची.

दुसरी गोष्ट वेळेची. महिन्याची १ ते १० तारीख सोडा, लोकांच्या महिन्याच्या वाणसामानाच्या याद्या तेव्हा येतात. शनिवारी शाळा सकाळची, म्हणून शिक्षकांना तो दिवस सोयीचा वाटतो, पण शनिवारी भांडारात गर्दी असते. मंगळवार ते गुरुवार, सकाळी साडेदहा ते बारा. माल उतरवून झालेला असतो आणि दुपारची गर्दी लागायची असते.

रंकाळा७
मिरची कांडपाची चक्की आतच असेल तर त्या दीड तासात ती बंद ठेवा म्हणून आधीच सांगून ठेवा बगा. न्हाईतर निम्मी पोरं शिंकत भायेर. दम्याचं पोरगं असंल तर त्याला चटणीच्या कपाटाकडं फिरकू द्यू नका, बंद पुड्यातनं बी खकाणा येतोय.

पायरी_नको
रंकाळा७ यांचा मुद्दा बरोबर आहे. वर्गशिक्षकांनी आदल्या दिवशी दम्याची आणि शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांची यादी काढावी.

सहकार_वाचक
ताई, शाल-श्रीफळाचा खर्च वाचवा आणि त्याच पैशात मुलांना गिऱ्हाईक म्हणून आत पाठवा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. बघायला आलेला माणूस कसाही वागतो. विकत घ्यायला आलेल्याला मात्र बोलावं लागतं, विचारावं लागतं, थांबावं लागतं, हिशेब तपासावा लागतो.

तीन-तीन मुलांचे गट करा. ३९ मुलांचे १३ गट, दोन दिवसांत २६. गटाला ₹१५० दिले तर एकूण ₹३,९००. पैसे शाळेनेच द्यावेत. घरून आणायला सांगितलं की कुणाकडे ₹५०० असतात आणि कुणाकडे काहीच नसतं, मग मुलांचं लक्ष वस्तूंवरून उडून एकमेकांच्या खिशाकडे जातं. यादीत खाऊ नको. दुसऱ्या दिवशी वर्गात भडंग करायचं ठरवा आणि प्रत्येक गटाला त्यातले एक-दोन जिन्नस वाटून द्या. ३९ मुलांना माणशी ४० ग्रॅम धरले तर दीड किलो चुरमुरे लागतात. अर्धा किलो शेंगदाणे, पाव किलो डाळं, लसूण, तिखट, मीठ, पिठीसाखर, हळद, तेल. उरलेल्या गटांना वर्गाला लागणाऱ्या वस्तू द्या: हात धुवायचा साबण, फिनेल, खराटा.

यादीवर फक्त वस्तू आणि वजन लिहा. कंपनीचं नाव लिहू नका, निवड मुलांना करू द्या. तिथूनच खरं शिक्षण सुरू होतं. समजा २०० ग्रॅमचा पुडा ₹४६ ला आहे आणि ५०० ग्रॅमचा ₹११० ला. पहिला ग्रॅममागे २३ पैसे पडला, दुसरा २२. पण लागणार आहेत २०० ग्रॅमच. आता स्वस्त कुठला? यावर तीन मुलं दहा मिनिटं भांडतात. त्यांना भांडू द्या.

काट्यावरचा
भांडारात पुडे भरायची खोली असेल तर ती जरूर दाखवा. कामाची विभागणी तिथे सगळ्यात स्पष्ट दिसते. तूरडाळीचा अर्धा किलोचा पुडा घ्या. एक जण पिशवीत ओततो, दुसरा काट्यावर कमी-जास्त करतो, तिसरा तोंड सील करतो, चौथा लेबल लावून दहा-दहाचे गठ्ठे करतो. आकडे वाचायला अडचण असलेल्या माणसाला तोलायचं काम देता येतं. त्यासाठी काट्याला तीन दिवे असतात: कमी असेल तर पिवळा, बरोबर असेल तर हिरवा, जास्त झालं तर लाल. हिरवा लागेपर्यंत पळीने घालायचं किंवा काढायचं. दहा पुडे मोजायला लाकडी फळीवर दहा खाचे असतात. सगळे खाचे भरले की गठ्ठा पूर्ण, तोंडाने मोजायची गरज नाही. मुलांना हे अगदी लगेच कळतं, कारण काम सोपं करायची युक्ती त्यांना आवडतेच.

काय चुकतं तेही दाखवावं. रिकामी पिशवी काट्यावर ठेवून शून्य करायचं राहिलं तर पिशवीचे चार-पाच ग्रॅम डाळीत धरले जातात आणि गिऱ्हाइकाला तेवढी डाळ कमी जाते. उलट प्रत्येक पुड्यात पाच ग्रॅम जास्त गेली तर शंभर पुड्यांमागे अर्धा किलो डाळ भांडाराच्या पदरची. वर पंखा असेल तर शेवटचा आकडा ठरत नाही. शून्य करताना हात ताटलीला टेकलेला असला की पुढचं सगळं वजन चुकतं. सीलच्या पट्टीवर डाळीची भुकटी बसली तर सील दिसायला नीट दिसतं, पण पिशवी दाबली की फुसकन हवा सुटते. म्हणून प्रत्येक पुडा एकदा दाबून बघायचा असतो. हे दाबून बघायचं काम मुलांना द्या. सीलचं यंत्र मात्र नको, तापलेल्या पट्टीवर बोट भाजतं.

गूळ_शेंगदाणे
काट्यावरचा, जिरं-मोहरी त्याच काट्यावर तोलतात का?

काट्यावरचा
नाही, आणि प्रश्न चांगला आहे. ३० किलोचा काटा पाच-पाच ग्रॅमच्या पायरीने दाखवत असेल तर त्याच्यावर १०० ग्रॅमच्या खालचं तोलायचं नसतं. किमान वजन पायरीच्या वीसपट असतं आणि ते काट्याच्या पाटीवर छापलेलं असतं. मसाल्याला लहान काटा वेगळा. मुलांना पाटी वाचायला लावा: कमाल, किमान, पायरी. आणि वैधमापन खात्याचा शिक्का शोधायला लावा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून घ्यावी लागते, शिक्क्यावर वर्ष आणि तिमाही असते.

निळी_काठी
मला एकच नियम सांगायचा आहे, पण तो फार महत्त्वाचा आहे. कपाटातून उचललेली वस्तू मुलांनी परत कपाटात ठेवायची नाही.

अंध कर्मचारी माल जागेवरून ओळखतात. फळीच्या डाव्या कडेला ब्रेल पट्टी असते आणि त्या पट्टीसमोर तीच वस्तू असणार हा अख्ख्या दुकानाचा करार असतो. साखर आणि मीठ, रवा आणि इडली रवा, बेसन आणि ज्वारीचं पीठ यांचे एक किलोचे पुडे हाताला जवळजवळ सारखे लागतात. मुलाने साखरेचा पुडा बघून मिठाच्या रांगेत ठेवला तर तासाभराने कुणाच्या तरी घरी चहात मीठ पडतं आणि बोल लागतो कर्मचाऱ्याला. म्हणून 'परतीची टोपली' दाराजवळ ठेवायची. नको असलेली वस्तू त्यात टाकायची आणि शेवटी कर्मचाऱ्यांनी ती लावायची. या नियमाचं कारण मुलांना आधी सांगा. कारण कळलं की सहावीची मुलं नियम मोठ्यांपेक्षा चांगला पाळतात.

दुसरं, गल्ल्यापाशी आवाज. फोनवरून दिलेले पैसे आल्याचं अंध रोखपालाला बोलक्या खोक्यातून (साउंडबॉक्स) ऐकू येतं. मागे वीस मुलं कलकलाट करत असली तर 'दीडशे' आणि 'अडीचशे' यात घोटाळा होतो. गल्ल्यासमोर एका वेळी एकच गट हवा.

भुसारवाला
या परतीच्या टोपलीची गरज नेहमीच्या गिऱ्हाइकांनाही आहे. वस्तू भलतीकडे ठेवण्यात मोठी माणसं मुलांच्या पुढे आहेत.

पंचगंगा_काठ
एक सुचवू का? शाळेतच मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून नोटा ओळखायला, चालायला लावायचं. अंधत्व म्हणजे काय हे अनुभवातून कळेल. बऱ्याच शिबिरांत असा खेळ घेतात.

निळी_काठी
पंचगंगा_काठ, हेतू चांगला आहे, तरी हे करू नका असं आग्रहाने सांगेन. पट्टी बांधल्यावर मुलाला पहिल्या पाच मिनिटांची भीती आणि धडपड तेवढी कळते. वर्षानुवर्षं कमावलेली सवय, कानाचं आणि बोटांचं कसब कळत नाही. पट्टी सोडल्यावर त्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो 'बापरे', आणि त्याच्याच पुढचा शब्द 'बिचारे'. चाफाताईंना नेमका तोच टाळायचा आहे.

नोटांचंच करायचं तर उघड्या डोळ्यांनी करा. महात्मा गांधी नव्या मालिकेत ₹५० ची नोट १३५ मिलिमीटर लांब आहे, ₹१०० ची १४२, ₹२०० ची १४६, ₹५०० ची १५०. रुंदी चौघींची ६६. ₹१० आणि ₹२० च्या नोटा ६३ रुंद, लांबी १२३ आणि १२९. जाड पुठ्ठ्याचा एक तुकडा घ्या, एका टोकाला घडी घाला आणि या लांब्यांवर खाचा कापा. नोट घडीत टेकवली की दुसरं टोक कुठल्या खाचेशी येतं त्यावरून नोट ओळखता येते. ₹१०० आणि ₹२०० यांत चारच मिलिमीटरचा फरक आहे, म्हणून कापताना अर्धा मिलिमीटरसुद्धा चुकून चालत नाही. भूमितीच्या तासाला हे होतं. ₹१०० वर उठावाचा त्रिकोण आणि ₹५०० वर वर्तुळ असतं, कडेला तिरक्या उठावाच्या रेघाही असतात, शंभरला चार आणि पाचशेला पाच. नोट जुनी झाली की उठाव झिजतो, लांबी मात्र तशीच राहते.

गूळ_शेंगदाणे
आणि नाणी?

निळी_काठी
२०१९ पासूनच्या मालिकेत ₹१, ₹२, ₹५, ₹१० ही नाणी गोल आहेत आणि किमतीबरोबर आकार वाढत जातो: २०, २३, २५, २७ मिलिमीटर. ₹२० चं नाणंही २७ मिलिमीटरचं, पण बारा कडांचं, म्हणून बोटाला लगेच कळतं. अडचण होते ती जुनी नाणी मिसळली की. गल्ल्यात त्यासाठी वेगळा कप्पा असतो.

पंचगंगा_काठ
पटलं. पट्टीचा खेळ रद्द. पुठ्ठ्याचं माप आमच्याकडेही करून घेतो.

खुणांची_भाषा
कर्णबधिर कर्मचाऱ्यांशी कसं बोलायचं ते कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. समोर उभं राहायचं, उजेड आपल्या तोंडावर पडेल असं. खिडकीकडे पाठ केली की चेहरा काळा दिसतो आणि ओठ वाचता येत नाहीत. ओरडायचं नाही, ओरडताना ओठांचा आकार बिघडतो. मागून हाक मारून उपयोग नसतो. हात हलवायचा किंवा खांद्याला हलकं टेकवायचं. सोबत दुभाषा असला तरी बघायचं आणि बोलायचं कर्मचाऱ्याकडे. मुलं हमखास दुभाष्याकडे बघून विचारतात, "त्यांना विचारा ना, डाळ कुठं आहे?"

आठ-दहा खुणा आधी शिकवा: नमस्कार, किती, कुठे, हे, नको, अजून, पैसे, धन्यवाद. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा चित्रफीत-कोश आहे, तो वर्गात दाखवता येतो. पण कोल्हापुरात वापरातल्या काही खुणा वेगळ्या असू शकतात, तेव्हा 'तुमच्याकडे गुळाला कुठली खूण?' हे तिथेच विचारायला सांगा. विचारण्यातून ओळख होते, आणि शिकवणारा तो कर्मचारी असतो. भेटीतली ही सगळ्यात छान दहा मिनिटं.

चाफा_शिक्षिका
इतकं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. परतीची टोपली आणि भडंगाची यादी नक्की. एक शंका आहे. शाळेला ३ डिसेंबर हवा आहे, जागतिक दिव्यांग दिन म्हणून.

पायरी_नको
३ डिसेंबर नको. त्या दिवशी सगळ्यांनाच आठवण येते. एका सकाळी तीन शाळा आणि दोन मंडळं, हार आणि भाषणं, आणि काम पडलेलं तसंच. भांडार हे सहकाराचं आहे, तेव्हा १४ ते २० नोव्हेंबरचा सहकार सप्ताह जास्त शोभतो. दिवाळीचा माल तोवर विकून झालेला असतो, पाऊसही नसतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या पावसात चाळीस ओल्या छत्र्या दारात आल्या की उताराची फरशी निसरडी होते, कुबड्या घेऊन चालणाऱ्याला ते धोक्याचं. फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा, शिक्षक त्यात अडकलेले असतात. आणि नवरात्राच्या आसपास तर अंबाबाईच्या गर्दीत बस शहरात फिरवणंच अवघड.

उपविधी
चर्चा छान चालली आहे, पण सगळे 'समावेशक' या शब्दावर बोलत आहेत आणि 'सहकारी' मागे पडतोय. अपंग व्यक्तींना नोकरी देणारं खाजगी दुकानही असू शकतं. इथे वेगळं काय? इथे पुडे भरणारा माणूस सर्वसाधारण सभेत हात वर करतो आणि त्याचं मत अध्यक्षांच्या मताएवढंच मोजलं जातं. भाग (शेअर) एक असो वा शंभर, मत एकच. हे मुलांना कळलं नाही तर त्यांनी फक्त एक दयाळू दुकान पाहिलं.

पंचवीस मिनिटांची नकली वार्षिक सभा घ्या. आकडे मी देतो. २०० सभासद, प्रत्येकाचा ₹१०० चा एक भाग, भांडवल ₹२०,०००. वर्षाचा निव्वळ नफा ₹८,०००. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीला: ₹२,०००. उरले ₹६,०००. भागावर लाभांश १५ टक्क्यांपेक्षा जास्त देता येत नाही, म्हणजे जास्तीत जास्त ₹३,०००. राहिले ₹३,०००. सभासदांनी वर्षात ₹१,५०,००० ची खरेदी केली असेल तर खरेदीवर दोन टक्के सूट परत देता येते. ज्याने ₹१,२०० ची खरेदी केली त्याला ₹२४ सूट आणि ₹१५ लाभांश, मिळून ₹३९. हिशेब सोपा राहावा म्हणून शिक्षण निधी वगैरे बाजूला ठेवलं आहे.

आता मुलांना विचारा: सूट वाटायची, की त्या ₹३,००० मध्ये वजन बोलून सांगणारा काटा घ्यायच्या खर्चाला हातभार लावायचा? ठराव मांडायचा, अनुमोदन द्यायचं, चर्चा, हात वर. सभेत भांडारातले दोन-तीन सभासद बसवा आणि त्यांनाही मत द्या. सूट वाटावी असं त्यांच्यापैकी एखाद्याने म्हटलं तर फार उत्तम. अपंग माणूस नेहमी अपंगांच्या सोयीच्याच बाजूने बोलेल हा समज तिथल्या तिथे गळून पडतो.

रंकाळा७
उपविधी साहेब, लई भारी. ₹३९ ऐकून पोरं हासणार, पण हिशेब डोस्क्यात बसणार.

सहकार_वाचक
रॉचडेलचाही उल्लेख करा. इंग्लंडमध्ये १८४४ च्या डिसेंबरात २८ जणांनी दुकान उघडलं. माल केवढा, तर लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. नफा खरेदीच्या प्रमाणात परत द्यायची पद्धत त्यांनी रुजवली, उपविधींनी सांगितलेली दोन टक्के सूट ही त्याचीच नात. आपल्याकडे शेतकरी संघ, वारणा बाजार, गोकुळ ही सहकारी संस्थांची नावं मुलांच्या घरात रोज असतात. दुधाची पिशवी सहकारातून येते हे त्यांना माहीत असतं, पण मालक कोण हे विचारलं की गोंधळतात.

गूळ_शेंगदाणे
मुलांनाही सभासद करून घेता येईल का? दहा रुपयांचा भाग वगैरे?

सहकार_वाचक
नाही. १८ वर्षांखालच्यांना सभासद होता येत नाही.

उपविधी
थोडी दुरुस्ती. सभासद व्हायला करार करण्याची कायदेशीर पात्रता लागते, म्हणून या भांडाराचं सभासदत्व मुलांना नाही. पण केवळ शाळा-महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या फायद्यासाठी काढलेल्या संस्थेला त्याच अधिनियमात या अटीतून सूट आहे. शाळेतलं वह्या-पेन्सिलींचं विद्यार्थी भांडार असं काढता येतं.

याच्याशी जोडलेला एक प्रश्न मुलं विचारतात: 'ज्यांना बौद्धिक अक्षमता आहे त्यांना मत देता येतं का?' उत्तर टाळू नका. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ इतरांच्या बरोबरीने कायदेशीर क्षमता मान्य करतो आणि निर्णय घ्यायला मदत लागली तर ती मदत द्यायची अशी त्याची दिशा आहे. प्रत्यक्षात सभेची विषयपत्रिका सोप्या शब्दांत आणि चित्रांत आधी देणं, मतदान हिरव्या-लाल पुठ्ठ्याने घेणं एवढ्यानेही खूप फरक पडतो. नकली सभेत तसंच पुठ्ठ्याने मतदान घ्या.

भुसारवाला
इथे मी थोडा वेगळा. सहावीच्या मुलांना कलमं नकोत. हिरवं-लाल पुठ्ठं दाखवा, बस्स.

उपविधी
मुलांना नकोच. शिक्षकांना हवं, प्रश्न आल्यावर त्यांनी चुकीचं सांगू नये म्हणून.

खुणांची_भाषा
शब्दांबद्दलही विचारतील. सरकारी कागदात 'दिव्यांग' आहे, बरेच जण स्वतःला 'अपंग' म्हणवून घेतात. 'मतिमंद', 'मुका' हे शब्द नकोत. दुकानात मात्र कुणी कामाने ओळखला जातो, कुणी नावाने: गल्ल्यावरचे काका, डाळीच्या ताई. मुलांनी तेच म्हणावं.

कोल्हापूरला हा विषय नवा नाही, हेही वर्गात सांगा. नसीमा हुरजूक यांनी 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था इथे १९८४ मध्ये उभी केली, स्वतः चाकाच्या खुर्चीवरून.

गूळ_शेंगदाणे
गुळाचं कपाट सोडू नका. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि आजरा घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये. मुलं हमखास पिवळाधमक गूळ उचलतात. त्यांना दोन तुकडे शेजारी ठेवून दाखवा. रस उकळताना मळी काढायला भेंडीचा चीक घालतात, ती जुनी रीत. रंग उजळायला हायड्रॉस हे रसायन घातलं की गूळ पिवळा होतो. न घातलेला तांबूस-तपकिरी राहतो. पुडा हातात द्या आणि लेबल वाचायला लावा: निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, तयार केल्याचा महिना, १४ आकडी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक, तक्रारीचा पत्ता. यातलं काही नसेल तर पुडा गल्ल्यावर नेऊन विचारायचं. ग्राहक हेल्पलाइन १९१५, हाही आकडा वहीत लिहू द्या.

सुट्या गुळाच्या रव्याचं (ढेपेचं) एक सांगतो: पावसाळ्यात तो ओल धरतो आणि पाझरतो, म्हणून नोव्हेंबरची भेट गुळालाही चांगली. नवा हंगाम सुरू झालेला असतो.

काट्यावरचा
कपाटात 'जुना पुढे, नवा मागे' हेही दाखवा. एका गटाला एकाच वस्तूच्या दहा पुड्यांमधून सगळ्यात जवळची मुदत शोधायला द्या. टोपलीतच, कपाटातून नव्हे. निळी_काठी यांचा नियम लक्षात आहे.

निळी_काठी
आभार. आणि फोटो. काम करणाऱ्यांना आधी विचारल्याशिवाय काढायचे नाहीत आणि शाळेच्या गटावर टाकायचे असतील तर तेही वेगळं विचारायचं. 'हो' म्हणताना माणूस भिडस्तपणे म्हणतो, म्हणून व्यवस्थापकांच्या समोर नको, आदल्या आठवड्यात विचारा.

चाफा_शिक्षिका
मग आता असं ठरवते. दोन दिवस, एका दिवशी ३९. आत गेल्यावर १२, १२ आणि १५ च्या तीन तुकड्या, म्हणजे तिघांचे गट मोडत नाहीत. पुडे भरायची खोली, कपाटं आणि गल्ला, नकली सभा, प्रत्येकी २५ मिनिटं आणि मग अदलाबदल. ७५ मिनिटं झाली, उरलेली १५ आत-बाहेर करायला. आदल्या आठवड्यात खुणा, पुठ्ठ्याचं माप आणि टोपलीचा नियम. भाषण आणि सत्कार नाही. शाळेला सांगताना ₹३,९०० च्या खरेदीची पावती पुढे ठेवीन.

निबंधाऐवजी काय लिहून घ्यावं?

सहकार_वाचक
प्रत्येक गटाने पावती चिकटवावी, निवड का केली ते तीन ओळींत लिहावं आणि भांडाराला एक सूचना द्यावी. 'तेलाचे पाच लिटरचे डबे खालच्या फळीवर हवेत' अशी. सूचना भांडाराच्या संचालक मंडळाला पाठवायच्या आणि उत्तर मागायचं.

चाफा_शिक्षिका
उत्तम. शेवटचं एक. वर्गातली एक मुलगी चाकाची खुर्ची वापरते. भांडारात तिची काही अडचण नाही, मी जाऊन पाहिलं, दारात उतार आहे. बाकी काय बघू?

पायरी_नको
भांडाराचं दार बघितलंत ते चांगलं, पण अडचण त्याच्या आधी येते. बसची पहिली पायरी जमिनीपासून फूटभर तरी उंच असते आणि दारातला खांब मध्येच असतो. तिला दोघांनी उचलून चढवायचं ठरवू नका. सगळ्या वर्गासमोर तसं चढायला तिला आवडेल का, हे आधी तिला विचारा. सरकत्या दाराची, मागचं आसन घडी होणारी गाडी ठरवा, त्यात खुर्ची मावते, आणि तिच्याबरोबर तिच्या गटातली दोघं बसवा, म्हणजे ती वेगळी पडत नाही. खुर्चीची घडी घातल्यावरची रुंदी आधी मोजा.

भांडारात स्वच्छतागृहाचं दार ९० सेंटिमीटर आहे का आणि ते बाहेर उघडतं का, ते बघा. उतार टेपने मोजा: १५ सेंटिमीटर उंचीला १८० सेंटिमीटर लांबी हवी, म्हणजे एकास बारा. त्याहून तीव्र असेल तर तिला एकटीने चढता येणार नाही. सामान साधारण ४० ते १२० सेंटिमीटर उंचीच्या फळ्यांवर असेल तर तिचा हात पोचतो, तेव्हा तिच्या गटाच्या यादीत त्याच फळ्यांवरचे जिन्नस घाला, मुद्दाम सांगू नका.

आणि टेप घेऊन निघालाच आहात तर शाळेच्या फाटकापासून सुरुवात करा.

चाफा_शिक्षिका
फाटकाला दोन पायऱ्या आहेत, प्रत्येकी १६ सेंटिमीटर. आत्ताच मोजल्या.

पायरी_नको
म्हणजे ३२ सेंटिमीटर. त्याला तीन मीटर ८४ सेंटिमीटर उतार लागेल, वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट जागा सोडून. भेटीपुरती लाकडी फळी टाकू नका, सरकते. बांधकामाचा अर्ज आजच द्या, नोव्हेंबरपर्यंत होऊ शकतं.